पोलिसांच्या गाडीला ओव्हरटेक करावं का?

कांदेपोहे | रविवार, रात्री ९.१०

आज सकाळी पुण्याहून ठाण्याला आलो, एक्स्प्रेस वे ने. उर्से टोलनाका सोडला आणि कामशेतच्या बोगद्याच्या बाजूला निघालो. तोवर नेहमीचीच जत्रा सुरू होती. मागून एक पांढरी एसयूव्ही डिपर मारमारून जीव खातेय, डावीकडून एक टॅक्सी दोन ट्रकांच्या मधून सुई ओवल्यासारखी निघतेय, वगैरे. आणि एकदम सगळे शहाणे झाले. हॉर्न नाही, डिपर नाही, लेन बदलणं नाही. मला वाटलं पुढे अपघात झालाय.

अपघात नव्हता. मधल्या लेनमध्ये हायवे पोलिसांची गाडी चालली होती. वरचा दिवा बंद, सायरन नाही, ८० च्या वेगाने निवांत. आणि तिच्यामागे तिन्ही लेनमध्ये मिळून तीसेक गाड्या, वरातीत घोड्यामागून चालावं तशा. उजवी लेन पुढे पार मोकळी होती, पण त्या लेनमधला पहिला माणूस पोलिसांच्या मागच्या चाकाला चाक लावून चाललेला. पुढे जाईना, मागे येईना. चार-पाच किलोमीटर हा प्रकार. शेवटी त्यालाच ते असह्य झालं असावं, तो मधल्या लेनमध्ये शिरला आणि मी ९५ वर नेऊन पुढे निघालो. कारला मर्यादा १०० आहे, म्हणजे मी नियमात होतो.

बायको म्हणाली, "अहो, काय करताय! पोलीस आहेत ते!" पुढची पाच मिनिटं ती मागे वळून बघत होती, मामा येतायत का म्हणून. आरशात दिसतंय मला, असं सांगूनही पटेना. मामा काही आले नाहीत.

तर प्रश्न असा, की माझं काही चुकलं का? आणि एरवी १२० ने बोंबलत जाणारे लोक ८० ने चाललेल्या पोलिसांच्या मागे का लोंबकळतात?

निवांत_नाना | रविवार, रात्री ९.२२

चुकलं. बायकोचं ऐकायला हवं होतं. पोलीस हा वेगळा मुद्दा.

भिडू_पनवेल | रविवार, रात्री ९.२५

लोक लोंबकळतात कारण त्यांना स्वतःच्या स्पीडोमीटरवर भरवसा नसतो आणि मामांच्या मूडवर तर नसतोच. ९५ ने पुढे गेलो आणि त्यांच्या मनात आलं की हा १०५ होता, तर वाद कोण घालणार? त्यातून पीयूसी संपलेली असते, काचेला फिल्म असते, इन्शुरन्सचा कागद नेमका कुठल्या मोबाईलमध्ये आहे आठवत नसतं. ज्याचं सगळं स्वच्छ आहे असा माणूस या रस्त्यावर मला तरी अजून भेटलेला नाही.

वकील_नाही_पण | रविवार, रात्री ९.४१

पोलिसांच्या गाडीला ओव्हरटेक करू नये असा नियम कुठेही नाही. वेगमर्यादा पाळली, योग्य बाजूने गेलात, पुढे जागा होती, विषय संपला. दिवा-सायरन चालू असेल तर गोष्ट वेगळी, मग वाट द्यायची असते. पण दिवा बंद करून चाललेली पोलीस गाडी ही रस्त्यावरची आणखी एक गाडी.

आणि पाठलाग करून पकडण्याचे दिवस आता तसेही मागे पडले. या रस्त्यावर जुलै २०२४ पासून आयटीएमएसचे, म्हणजे वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेचे, कॅमेरे चालू आहेत. ते कमानीवरून वेग बघतात, लेन बघतात, बेल्ट बघतात, कानाला लावलेला फोनही बघतात. जीपमधल्या दोन माणसांना घाबरायचं आणि डोक्यावरच्या कॅमेऱ्याखालून बिनधास्त जायचं, ही आपली तऱ्हा.

सईची_आई | रविवार, रात्री १०.०३

मला यात वेगळंच दिसतं. मी दर आठवड्याला नवी मुंबई-पुणे करते, एकटी, स्वतः गाडी चालवत. ट्रक ओलांडताना उजव्या लेनमध्ये बरोबर १०० वर असते. तेवढ्या वेळात मागून कोणीतरी येऊन माझ्या डिकीला जवळजवळ चिकटतो. डिपर, हॉर्न, परत डिपर. बाई चालवतेय हे दिसलं की त्याला आणखी चेव येतो. शेवटी डावीकडून काढतो आणि जाताना काच खाली करून काहीतरी बोलून जातो.

एकदा असाच एक जण मला "चालवता येत नाही तर घरी बसा" म्हणून गेला आणि पुढे दोन किलोमीटरवर बघते तर काय, मामांच्या गाडीमागे गोगलगाय! चांगलं चार गाड्यांचं अंतर राखून, इंडिकेटर देऊन लेन बदलतोय. मी शांतपणे त्याच्या शेजारून पुढे गेले. हात करायचा मोह झाला होता, आवरला.

म्हणजे अंतर ठेवायचं, वेग पाळायचा, इंडिकेटर द्यायचा हे सगळं या लोकांना येतं. माझ्यामागे असताना करायचं नसतं, एवढंच.

निवांत_नाना | रविवार, रात्री १०.०६

ताई, हात करायला हवा होता.

चौथा_गिअर | रविवार, रात्री १०.३०

सईची_आई, त्या माणसाची बाजू घेत नाही. पण "उजव्या लेनमध्ये बरोबर १००" हे वाक्य वाचून थोडं थबकलो. ट्रक ओलांडून झाल्यावर मधल्या लेनमध्ये येता ना? बरेच जण १०० ला काटा बांधून पनवेल ते तळेगाव उजवीकडेच असतात, वर "मी मर्यादेत आहे, मागच्याला काय घाई" हे तत्त्वज्ञान. उजवी लेन ओव्हरटेकसाठी आहे. मागच्याच्या वेगाचं काय करायचं ते पोलीस बघतील, आपण स्वयंसेवक होऊ नये.

सईची_आई | रविवार, रात्री १०.३८

येते हो. पण मधल्या लेनमध्ये ट्रक असतात. एकाला ओलांडलं की तीनशे मीटरवर दुसरा. दर वेळी आत-बाहेर केलं तर टॅक्सीवाल्यात आणि माझ्यात फरक काय?

राईनकाठचा | सोमवार, पहाटे १.१५

जर्मनीतून. (इथे अजून रात्र फार झालेली नाही.)

इथे नियम उलट बाजूचा, पण स्पष्ट. जमेल तेव्हा उजवीकडे राहायचं, डावी लेन ओलांडण्यापुरती. उजवीकडून ओव्हरटेक म्हणजे महापाप. बिनमर्यादेचे पट्टे आहेत, पण ऑटोबानवर सगळीकडे मर्यादा नाही हा समज घेऊन येऊ नका. कित्येक ठिकाणी १२०, १०० च्या पाट्या आहेत आणि कॅमेरेही.

पोलिसांच्या गाडीबद्दल म्हणाल तर इथेही तेच होतं! १३० ने चाललेले लोक पोलीस दिसला की ११५ वर येतात, मर्यादा नसली तरी. मीही येतो. का येतो सांगता येत नाही. शाळेत मुख्याध्यापक व्हरांड्यात दिसले की आपण काही केलेलं नसतानाही शर्ट खोचायचो, तसं काहीतरी.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. गाड्या तुंबायला लागल्या की डाव्या लेनवाले आणखी डावीकडे सरकतात, बाकीचे उजवीकडे, आणि मधून रुग्णवाहिकेला गल्ली तयार होते. अपघात झालाय की नाही ते कळायच्या आधीच. तसा कायदा आहे आणि मोडला तर दंड जबर आहे.

प्रभा_मावशी | सोमवार, सकाळी ७.५०

गल्लीवरून आठवलं. तीन वर्षांपूर्वी माझ्या मिस्टरांना लोणावळ्याहून रुग्णवाहिकेतून पुण्याला आणलं. मी मागे त्यांच्याजवळ बसले होते. मागच्या काचेतून बघितलं तर आमच्यामागे चार गाड्या लागलेल्या. मला वाटलं नातेवाईक असतील, दिराला फोन केला, तर ते अजून घरातून निघालेही नव्हते. ही मंडळी आमच्या सायरनच्या मागून फुकटात वाट काढत होती. त्यातल्या पुढच्या गाडीतला मुलगा इतका जवळ होता की त्याच्या आरशाला लटकवलेलं लिंबू-मिरची मला दिसत होतं. आमच्या ड्रायव्हरने ब्रेक लावला असता तर तो आत आला असता.

मिस्टर आता बरे आहेत. पण ते लिंबू-मिरची मी विसरलेले नाही.

बारा_टायर | सोमवार, सकाळी ९.१८

सकाळपासून वाचतोय. ट्रकवाल्यांचा विषय निघाला की सगळे कारवाले एक होतात, म्हणून लिहितो. आमचा घरचा धंदा, वडलांपासून. मी स्वतः अकरा वर्षं गाडी चालवली, आता ऑफिसात बसतो.

लोड गाडी उजव्या लेनला का जाते? खालापूर सोडून चढ लागला की तीस-पस्तीस टनांची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर येते. डाव्या लेनला कोण असतं? बंद पडलेली गाडी, पंक्चर काढणारा, लघवीला थांबलेला, आणि माझ्याहून जास्त लोड असलेला, जो माझ्यापेक्षा दोनच किलोमीटर हळू आहे. त्याच्यामागे थांबलो तर माझी गाडी मरते. चढावर उभी राहिलेली गाडी परत उठवायची म्हणजे क्लच प्लेट जाळायची. तो खर्च मालक ड्रायव्हरच्या नावावर टाकतो. म्हणून तो मधल्या लेनला येतो. मधल्या लेनला आधीच एक असतो, मग उजवी.

चूक आहे का? आहे. लेन कटिंगची चलनं आमच्या ढिगाने आहेत. २०२२ च्या डिसेंबरात आरटीओने सहा महिन्यांची मोहीम काढली होती, तेव्हा आमच्या पोरांनी महिनाभर डावी लेन सोडली नाही. गाड्या सगळ्या उशिरा पोचल्या, पण पोचल्या.

आता पोलिसांचं. कारवाल्याला मामा दिसला की वेगाची भीती. आमच्या पोरांना वेगाची नसते, ८० वर वेग अडवणारा गव्हर्नरच बसवलेला असतो. त्यांना थांबवण्याची भीती असते. थांबला की अर्धा तास गेला. कागद सगळे असले तरी अर्धा तास, नसले तर एक तास आणि वर चहापाणी. म्हणून मामा दिसला की ट्रकवाला हळू करत नाही. तो दुसऱ्या ट्रकच्या आडोशाने डाव्या बाजूला सरकतो आणि समोर बघत राहतो. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हे मला वडलांनी शिकवलं.

चौथा_गिअर | सोमवार, सकाळी ९.४०

बारा_टायर, फार छान लिहिलंत. दोन किलोमीटरच्या फरकावरून सहज हिशेब केला. दोन ट्रेलर, प्रत्येकी १६ मीटर, मागेपुढे दहा-दहा मीटर अंतर. एक ४० ने, दुसरा ३८ ने. ओलांडायला दीड मिनिटाहून जास्त लागतं आणि तेवढ्यात ओलांडणारा एक किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे आपण मागे शिव्या देत असतो ते पूर्ण एक किलोमीटर.

राईनकाठचा | सोमवार, दुपारी १२.०२

याला इथे 'एलेफांटेनरेनेन' म्हणतात, हत्तींची शर्यत. 😀 म्हणजे दुखणं जगभराचं आहे.

बारा_टायर | सोमवार, दुपारी १२.१०

हत्ती चालेल. "ट्रकवाले साले" पेक्षा बरं.

रांगडा_कोल्हापूरकर | सोमवार, दुपारी १.३५

एक्स्प्रेस वे चं कौतुक पुरे, आमच्याकडं या. पुणे-बंगळूर हायवे. पुण्याकडं जाताना वाटेत खंबाटकी. पुढं कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलापर्यंत नुसता उतार. तिथं ट्रकवाले डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडत्यात, ब्रेक गरम हून जातंय. नोव्हेंबर २०२२ ला एका लोड गाडीनं तिथं ढिगानं गाड्या ठोकल्या. तवापासनं कॅमेरे, वेगाच्या पाट्या, समदं झालं.

आता गंमत बघा. कॅमेऱ्याच्या आधी सगळे कचकचून ब्रेक मारत्यात, कॅमेरा गेला की परत सोडलं. उतारावर मागनं लोड गाडी असताना म्होरल्यानं असा ब्रेक मारला तर त्यो कॅमेरा वाचवणार हाय व्हय?

बारा_टायर | सोमवार, दुपारी १.५०

न्यूट्रलबद्दल आमच्या लोकांची बाजू घेणार नाही. इंजिन ब्रेक सोडून नुसत्या पायाच्या ब्रेकवर लोड गाडी उतरवणं म्हणजे आत्महत्या. चार पैशांचं डिझेल वाचतं.

फिजिक्सवाली | सोमवार, दुपारी ३.२०

कोल्हापूरकर म्हणतायत त्या ब्रेकचं पुढे काय होतं ते रंजक आहे. जपानमध्ये नागोयाला काही संशोधकांनी गोल रस्त्यावर गाड्या चालवून बघितल्या. २३० मीटरचं वर्तुळ, २२ गाड्या, सगळ्यांनी एकाच वेगाने, ३० च्या आसपास, चालवायचं. ना सिग्नल, ना खड्डा, ना पोलीस. तरी थोड्या वेळात कोणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने थोडा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. शेवटी काही गाड्या पूर्ण थांबल्या. आणि तो तुंबा गाड्यांच्या उलट्या दिशेने मागे सरकत गेला, ताशी २० किलोमीटरच्या आसपास. २००८ साली त्यांनी ते छापलं.

म्हणजे मामा बघून पहिल्याने दाबलेल्या ब्रेकने मागे दोन-तीन किलोमीटरवर कोणीतरी ठप्प उभा राहू शकतो. त्याला ना मामा दिसतो ना अपघात. घाट नसतानाही रस्ता उगाच तुंबतो आणि उगाच सुटतो, त्यातला बराच हा प्रकार असतो.

निवांत_नाना | सोमवार, दुपारी ३.२८

थोडक्यात, कांदेपोहेंमुळे मागे कोणीतरी उर्से टोलनाक्यावर अडकलं असणार.

फिजिक्सवाली | सोमवार, दुपारी ३.३१

नाही नाना, ते पुढे गेले. अडकवलं लोंबकळणाऱ्यांनी.

नागपुरी_संत्रं | सोमवार, सायं. ५.०५

तुमचे प्रॉब्लेम ऐकून हसू येऊन राहिलं. आमच्या समृद्धीवर या ना. ७०१ किलोमीटर, १२० ची मर्यादा, आणि दुपारी दोन वाजता समोर कोणीच नाही. मामा दिसला तर बरं वाटते की कोणीतरी आहे! मागे आरटीओवाले एन्ट्रीवर टायर बघत होते, घासलेले असले तर वापस पाठवत. माझ्या मामेभावाला पाठवलं. दोन दिवस शिव्या दिल्या त्यानं. मग टायर काढून बघितले तर आतून तार दिसत होती. मग चूप बसला.

जर्सी_सिटी | सोमवार, सायं. ६.४०

अमेरिकेतून माझे दोन पैसे. इथे मर्यादा ६५ मैल, सगळे ७५ ने, पोलीस दिसला की ६४. चाललेल्या पोलीस गाडीला कोणी ओलांडत नाही, मीसुद्धा नाही. पण रस्त्याकडेला पोलीस दिवे लावून थांबला असेल तर शेजारची लेन सोडून एक लेन लांब जायचं, जमत नसेल तर वेग कमी करायचा, असा कायदा आहे, आता सगळ्या राज्यांत. कारण कडेला उभ्या असलेल्या पोलिसांना गाड्या उडवायच्या. आपल्याकडे कडेला मामा उभा असला की लोक उलट त्याच्याकडे बघत बघत जातात.

यष्टीप्रेमी | सोमवार, रात्री ८.१५

डिपरबद्दल कोणीच लिहिलं नाही! मुंबई-गोवा रस्त्याला दुभाजक नव्हता तेव्हा समोरून येणारी प्रत्येक एसटी दोनदा डिपर मारून सांगायची, पुढे मामा उभे आहेत. ओळख ना पाळख. मग आपण पुढच्याला मारायचा. माणुसकी टिकून होती हो. चौपदरीत समोरचा दिसतच नाही.

सईची_आई | सोमवार, रात्री ८.३२

माणुसकी कसली? समोरून येणारा दारू पिऊन चालवत असेल तर त्यालाही तुम्ही सावध केलंत की.

यष्टीप्रेमी | सोमवार, रात्री ८.४४

हे खरं आहे. पण तेव्हा कधी डोक्यात आलं नाही. डिपर आला की मारायचा, एवढंच.

भिडू_पनवेल | सोमवार, रात्री ९.००

आता डिपरचं काम मॅप करतो. "पुढे स्पीड कॅमेरा" असं बाई गोड आवाजात सांगते. पण सरासरी वेगवाल्याला तीही काही करू शकत नाही. दोन कमानींमधलं अंतर भागिले वेळ. दहा किलोमीटर पाच मिनिटांत काढले म्हणजे १२०, मधे कितीही ब्रेक मारा. आमचा एक मित्र त्यावर उपाय म्हणून मधे थांबून वडा खातो. म्हणतो, सरासरी खाली आली.

चौथा_गिअर | सोमवार, रात्री ९.१२

तुमच्या मित्राला सांगा, ९४.५ किलोमीटरचा अख्खा रस्ता १०० ने सत्तावन्न मिनिटांचा, १२० ने सत्तेचाळीस. दहा मिनिटं वाचवली आणि वड्यात वीस घालवली.

निवांत_नाना | सोमवार, रात्री ९.१४

वडा गरम असेल तर फायद्यातच आहे तो.

मामांचा_भाचा | मंगळवार, सकाळी ११.२०

माझे सख्खे मामा खरोखर हायवे पोलिसात होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. हा धागा त्यांना वाचून दाखवला. पोट धरून हसले. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो:

"अरे, आम्ही ८० ने जातो कारण गाडीने चार लाख किलोमीटर केलेले असतात, ९० ला स्टिअरिंग थरथरतं. आणि मागे वरात लागली की आम्हालाच कसंतरी होतं. आरशात नुसती तोंडं दिसतात. मी तर हात बाहेर काढून 'जा, जा' करायचो, तर लोक थांबायला सांगतोय समजून कडेला घ्यायचे. एकदा तर एका कुटुंबाने गाडी थांबवून सगळे कागद हातात धरून मला दाखवले. मी डबा खायला खोपोलीला चाललो होतो."

मी विचारलं, कोणी पुढे गेला तर राग यायचा का? म्हणाले, "राग नाही, सुटलो असं वाटायचं. एक गेला की बाकीचे जायचे. पहिला कोण जातो एवढीच वाट बघायचो."

घाटात दर शनिवारी मुंबईकडे जाणारी वाहतूक पंधरा मिनिटं रोखून पुण्याच्या गाड्या सहाही लेनने सोडायचं काम त्यांनी किती वर्षं केलं. त्याबद्दल म्हणाले, "तेव्हा मात्र सगळे पुढे जायला बघायचे. मी रस्त्यात मधोमध उभा असायचो, तरी."

कांदेपोहे | बुधवार, रात्री ८.०५

सगळ्यांचे आभार. भाच्याच्या मामांना नमस्कार सांगा, बायकोला त्यांचं म्हणणं वाचून दाखवलं आणि "बघ, सुटलो असं वाटलं असेल त्यांना" म्हणून दोन दिवस मिरवत होतो.

आज मोबाईलवर चलन आलं. रविवार, सकाळची वेळ, तोच पट्टा. वेगाचं नाही. लेनचंही नाही. सहप्रवाशाने सीटबेल्ट न लावल्याचं. फोटो उघडला. मी समोर बघून चालवतोय, पट्टा व्यवस्थित. बाजूच्या सीटवर बायको गुडघ्यावर बसलेली, पाठ कॅमेऱ्याकडे, मान मागच्या काचेकडे. मामा येतायत का बघतेय.

वकील_नाही_पण | बुधवार, रात्री ८.११

नियमाप्रमाणे १५ दिवसांत नोटीस यायला हवी, तुमची तीन दिवसांत आली. लढायला जागा नाही, भरून टाका.

निवांत_नाना | बुधवार, रात्री ८.१२

फोटो टाका की.

कांदेपोहे | बुधवार, रात्री ८.२०

नाना, ती हा धागा वाचते आता. दंड तिने स्वतःच भरला, त्यात सगळं आलं.